राजवाड्यावरची स्वयंपाकघरं

मागच्या बँक हॉलिडेला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या फिशबोर्नचा रोमन राजवाडा बघायला गेलो होतो. तिथे एक व्हॉलंटिअर आजी भेटल्या. गळ्यात ओळखपत्र, अंगात लोकरीचं जाकीट, हातात काठी, पण बोलायला लागल्या की आपणच दमतो. मोझेइक, म्हणजे दगडांचे बारके तुकडे बसवून नक्षी काढलेल्या फरश्या, बघून झाल्यावर आम्ही काचेपाशी बागेकडे बघत उभे होतो तर त्या आपणहून जवळ आल्या आणि काठीनेच समोर दाखवायला लागल्या. राजवाड्याला चार बाजू होत्या, तुम्ही आत्ता उभे आहात ती उत्तरेची, डावीकडे पूर्वेची, उजवीकडे पश्चिमेची, तिथे राजाचा दरबार होता. आणि दक्षिणेची? मी विचारलं. त्यांनी काठी बागेच्या पलीकडे नेली, झाडांच्या मागे जिथे कौलं दिसत होती तिकडे. ती बाजू रस्त्याखाली आहे, म्हणाल्या, आणि त्या लोकांच्या घरांखाली, स्वयंपाकघरांखाली. एवढं सांगून हसल्या आणि दुसऱ्या एका फॅमिलीकडे वळल्या.

आता यात डोक्यात बसण्यासारखं काही नाही. पण बसलं. नंतर कितीतरी वेळ मी मोझेइक सोडून त्या कौलांकडेच बघत होते. दुपारचे साडेबारा म्हणजे आत्ता तिथे कुणीतरी टोस्ट भाजत असेल, कुणी डिशवॉशर लावत असेल, कुणाचं तरी कुत्रं दारात झोपलं असेल, आणि खाली तीन-चार फुटांवर राजाच्या बायकोची खोली. किंवा खाजगी दिवाणखाना. काय असेल ते. नवरा म्हणाला, घर विकताना सांगावं लागत असेल का गं हे? भाव वाढतो का पडतो?

आम्ही पोर्ट्समथला राहतो, तिथून किनाऱ्याची लोकल टाइप ट्रेन आहे, हॅव्हंट, एम्सवर्थ, बॉझम अशी प्रत्येक खोपटाशी थांबत जाते. फिशबोर्न स्टेशन म्हणजे दोन प्लॅटफॉर्म आणि एक फाटक. उतरलं की पाच-दहा मिनिटं चालत सोसायटीसारख्या घरांमधून जायचं, आणि तुम्ही चुकलात असं वाटायला लागतं तेवढ्यात म्युझियमचं पार्किंग येतं. इटलीतलं पॉम्पेई, ते ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर, बघून आलेल्यांनी इथे येऊ नये. इथे एकही खांब उभा नाही. भिंती गुडघ्याएवढ्यासुद्धा क्वचितच. जे आहे ते सगळं पायाखाली आहे, लाकडी पूल बांधलेत त्यावरून फिरायचं आणि मान खाली घालून बघायचं. शेडमध्ये एक वास येतो, ओल्या मातीचा आणि जुन्या चुन्याचा, त्यात शाळेच्या ट्रिपच्या पोरांच्या सँडविचचा वास मिसळलेला. आम्ही गेलो तेव्हा वर पाऊस वाजत होता आणि खाली पुलावर पोरांचे बूट.

ही सगळी गंमत सापडली १९६० मध्ये, पाण्याची मेन लाइन टाकताना. डिगरने चर खणला तर खाली दगडी पाया आणि कौलांचे तुकडे लागले. पुढच्या वर्षीपासून उत्खनन सुरू झालं, आणि ते चालवायला कोण, तर बॅरी कनलिफ, तेव्हा केंब्रिजला शिकणारा एकवीस वर्षांचा पोरगा. आज सर बॅरी वगैरे आहेत, पण आपल्याकडे या वयाच्या मुलाला घरचे साधा गॅस बुक करायला देत नाहीत. ती शेतजमीन होती, तिच्यावर घरं होणार होती, ती आयव्हन मार्गरी नावाच्या रोमन रस्त्यांच्या एका नादिष्ट अभ्यासकाने विकत घेतली आणि ससेक्सच्या पुरातत्त्व ट्रस्टला देऊन टाकली, म्हणून हे वाचलं. १९६८ ला म्युझियम उघडलं. दक्षिणेच्या बाजूला मात्र कुणी मार्गरी आधी पोचला नाही, तिथे घरं होऊन गेलेली होती, आणि माणसं राहत्या घरातून उठवून खाली खणायचं हे कुणाला सुचलं नाही किंवा सुचलं तरी जमलं नाही. मला ते बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. दोन्ही एकदम.

मोझेइकबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल मग गेली कशाला होतीस. सगळ्यात जुन्या फरश्या काळ्या-पांढऱ्या आहेत, साधारण इसवी सन ७५ ते ८० च्या, नुसते चौकोन, त्रिकोण, पट्ट्या. मला त्याच जास्त आवडल्या. आपल्याकडे संस्कारभारतीच्या रांगोळीआधी ठिपक्यांची रांगोळी असायची ना, मोजून मापून, चुकली तर पुसायची, तो स्वभाव त्या फरश्यांचा आहे. आणि मग तो प्रसिद्ध क्युपिड, रोमन लोकांचा प्रेमाचा देव, साधारण १६० सालचा, डॉल्फिनवर बसलेला पंखवाला पोरगा, हातात चक्क त्रिशूळ. आमची नऊ वर्षांची चिमी म्हणाली, आई, डॉल्फिन त्याचं वाहन आहे का? मी म्हटलं हो. दुसरं काय सांगणार. त्याच्या भोवती पुढून घोडा मागून मासा असे समुद्री घोडे, पुढून बिबट्या मागून मासा असे प्राणी, शिंपले, आणि कडेच्या वेलबुट्टीत एका ठिकाणी एक बारकासा काळा पक्षी बसलाय. ती कारागिराची सही असावी असं सांगतात. खरं-खोटं त्यालाच माहीत, पण एवढ्या सगळ्या देवादिकांच्या गर्दीत मी त्या चिमणीएवढ्या पक्ष्यासमोर सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. फरशीभर नक्षी अगदी तोलून-मापून केलेली आणि हा एकटाच असा, जोडीदार नसलेला. कुणीतरी गुडघ्यावर बसून, नखाएवढे दगड चिमटीत धरून, पाठ दुखत असताना, मालकाने न सांगितलेला पक्षी तिथे बसवला.

नंतर क्युपिड दुरुस्तीसाठी उचलला तर खाली अजून एक फरशी निघाली, आधीची, तटबंदी आणि बुरूज काढलेली. म्हणजे ऐंशी वर्षांत राजवाड्यातल्याच लोकांना आजोबांची फरशी जुनाट वाटायला लागली आणि त्यांनी ती न उखडता वरून नवी टाकली. पुण्यात आमच्या सोसायटीत लोक शहाबादीवर व्हिट्रिफाइड टाकतात, तोडफोडीचा खर्च वाचतो म्हणून. तेच.

अजून एक गोष्ट फोटोत कळत नाही, तिथे उभं राहिलं तरच कळते. या फरश्या सपाट नाहीत. सुतळीच्या बाजेवर गोधडी टाकावी तशा कुठे खचल्यात कुठे फुगल्यात. कारण राजवाड्याच्या आधी तिथे लष्कराची लाकडी कोठारं होती, त्यांचे खड्डे-चर बुजवून वर हे बांधलं, आणि ती भरलेली माती नंतर शतकानुशतकं खाली बसत गेली. वर संगमरवर आणा नाहीतर देव काढा, खालचा खड्डा आपला वेळ आला की दिसतो. एका ठिकाणी तर रंगीत नक्षी चक्क खळग्यात उतरून परत वर चढलीय आणि तरी एक दगड निखळलेला नाही, मी वाकून वाकून बघितलं.

साधारण २७० च्या सुमाराला राजवाडा जळला. कसा ते कुणी ठाम सांगत नाही. एका खोलीत जमिनीखालून गरम हवा खेळवायची सोय चालू होती, विटांचे छोटे छोटे खांब उभे केलेत, त्यावर फरशी बसायची होती. काम अर्धं असतानाच आग लागली. ती भट्टी कधी पेटलीच नाही. मला त्या विटांच्या खांबांकडे बघून मालकापेक्षा गवंड्याची काळजी वाटली, पैसे अडकले असतील बिचाऱ्याचे. उद्या येतो म्हणून थापी तिथेच ठेवून गेला असेल.

आणि मग काय झालं? इथे प्रत्येक गाइड, प्रत्येक पाटी जरा हळहळते. छत पडलं, लोकांनी भिंतींचे दगड काढून नेले, नंतर कुणी तिथे आपली माणसं पुरली, एक सांगाडा अजून तसाच फरशीत आडवा आहे, नंतर शेतं झाली आणि नांगराने मोझेइकवर चरे ओढले. पाटीवरचा सूर असा की बघा, एवढं वैभव आणि या अडाण्यांनी काय केलं. मला तिथे राहून राहून हसू येत होतं आणि कारण नवऱ्याला सांगता येत नव्हतं. कारण ते अडाणी मला ओळखीचे वाटत होते. मी त्यांच्यातलीच आहे.

माझं आजोळ तेरच्या जवळ, धाराशिव जिल्ह्यात. गावात देशमुखांची गढी होती, होती म्हणजे आम्ही लहान असताना दोन बुरूज आणि एक दिंडी उरली होती. आजोबांचं घर माळवदाचं. ज्यांना माळवद माहीत नाही त्यांच्यासाठी, लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, पाला, आणि वर हातभर मातीचा थर, सपाट. उन्हाळ्यात गार, रात्री वर झोपायला जागा. पण ती माती कुठलीही चालत नाही. पांढरी लागते. आणि पांढरी मिळते जुन्या गावठाणात नाहीतर पडक्या गढीत. मृग लागायच्या आधी दरवर्षी माळवदावर नवी पांढरी टाकायची, नाहीतर पावसात घरात पातेली मांडून बसा. गाढवांच्या पाठीवर गोण्या लादून ती माती यायची आणि आम्ही पोरं त्या ढिगावर चढायचो, त्यात खापराचे तुकडे मिळायचे, काचेचे बांगड्यांचे तुकडे, कधी शंख. आम्ही त्याने बिट्ट्या खेळायचो. म्हणजे गावाने तीन-चार पिढ्यांत ती गढी उचलून आपल्या डोक्यावर पसरली, आणि तिच्याखाली झोपलं. कुणाला वाईट वाटलं नाही. देशमुखांनासुद्धा नाही, त्यांनीही नेली असणार, त्यांचं नवीन घर गळत नसेल का?

दगडही गेले. आजोबांनी गढीचा एक घडीव दगड आणलेला, वरच्या कडेला कमळाची अर्धी पाकळी कोरलेली. तो न्हाणीत होता, धुणं आपटायला. वर्षानुवर्षं त्यावर आज्जीची लुगडी आपटून आपटून पाकळीच्या कडा गुळगुळीत झालेल्या, पाणी पडलं की त्या खळग्यात थोडंसं थांबायचं आणि आम्ही त्यात साबणाचे फुगे करायचो. त्या पाकळीवरून बोट फिरवलं तर कसं लागायचं ते मला अजून आठवतं, थंड, बुळबुळीत, मध्ये एक छोटा ओरखडा. फिशबोर्नच्या भिंतींचा दगडसुद्धा असाच कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या चुलीमागे गेला असेल. त्यांनी लुटलं म्हणायला माझी जीभ वळत नाही. समोर आयता घडवलेला दगड पडलाय, मालक मेलाय किंवा पळालाय, आणि तुम्हाला हिवाळ्याच्या आत भिंत उभी करायचीय. तुम्ही काय कराल?

तेरचं नाव काढलंच आहे तर एक सांगते, कारण हे दोन्ही माझ्या डोक्यात त्या दिवशी एकात एक अडकले. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर, आणि त्याच्याही आधी तगर, सातवाहनांच्या काळातली मोठी बाजारपेठ. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात पैठण आणि तगर दोघांची नावं आहेत, तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भरूचला जाते असं लिहिलंय. पॉम्पेईत १९३८ मध्ये एक हस्तिदंती बाई सापडली, दागिन्यांनी मढलेली, अगदी आपल्याकडची, आणि तसल्याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात. पॉम्पेई गाडलं गेलं ७९ साली. म्हणजे फिशबोर्नला काळ्या-पांढऱ्या फरश्या बसत होत्या त्याच सुमाराला आमच्याकडचा माल इटलीत कुणाच्यातरी घरात मांडून ठेवलेला होता. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, नदीकाठी, टेकाडांवर सापडेल ते आयुष्यभर गोळा केलं, आज त्यांच्या नावाचं सरकारी म्युझियम आहे तिथे. मी लहानपणी गेले होते, मामाने सायकलवरून नेलं होतं. मला फक्त मातीच्या बाहुल्या आठवतात आणि पंखा बंद होता ते. आमच्या खापराच्या बिट्ट्यांमध्ये काय काय होतं देव जाणे.

नवऱ्याला यातलं थोडं सांगितलं तर तो म्हणाला, पण राजा कोण होता ते तरी बघ. बघितलं. नक्की नाव कुठे कोरलेलं नाही, पण कनलिफसकट बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज टोगिडुब्नस नावाच्या स्थानिक राजाचा आहे. जवळच्या चिचेस्टरला १७२३ मध्ये त्याच्या नावाचा शिलालेख सापडला, नेपच्यून आणि मिनर्व्हा या रोमन देवांच्या देवळाचा. टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकारानेही त्याचा उल्लेख केलाय, की काही टोळ्यांचा मुलूख याला दिला, आणि हा टॅसिटसच्या हयातीपर्यंत इमानदार राहिला, आणि लगेच पुढे असंही म्हणून ठेवलंय की राजांनाच गुलामीचं हत्यार बनवायची ही रोमची जुनी रीत. वाचून मी म्हटलं, अरे हा तर आपला संस्थानिक! नावापुढे क्लॉडियस लावलं, म्हणजे बादशहाचंच नाव, घर इटालियन धर्तीचं, कारागीर बाहेरून आणलेले, बाग एकदम कडक शिस्तीची. नाकावर टोपी आणि दरबारात साहेबाच्या उजव्या हाताला खुर्ची. आपल्याकडच्या राजवाड्यांमध्ये बेल्जियमचे आरसे आणि इटलीचा संगमरवर बघून जे वाटतं तेच तिथे वाटलं, की सुंदर आहे, आणि कुणाच्या पैशाने आहे. त्याच्या दारासमोरून रोज घोंगडी पांघरून जाणाऱ्या त्याच्याच टोळीतल्या माणसाला काय वाटत असेल? लाज, अभिमान, का फक्त भूक? त्याबद्दल पाटी नव्हती.

पाऊस थांबल्यावर बागेत गेलो. इथली बाग मला सगळ्यात चलाख वाटली. रोमन माळ्यांनी कुंपणाच्या झुडपांसाठी कडक खडकाळ जमिनीत चर खणून त्यात चांगली माती भरली होती. झुडपं गेली, राजवाडा गेला, पण ती भरलेली माती वेगळ्या रंगाची राहिली, आणि उत्खननात ते चर जसेच्या तसे दिसले, बाहेर आत जाणारे, अर्धगोल, चौकोन. मग त्याच चरांमध्ये परत बॉक्स नावाची कुंपणाची झुडपं लावली. चिमी त्यातून पळत होती, आणि ज्या ठिकाणी कुंपण वळतं तिथे ती वळत होती, म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी दोरी ताणून जिथे वळ म्हटलं तिथे. झुडपांना ओलं झाल्यावर एक वास येतो, कडवट, मांजराच्या मुतासारखा, खोटं कशाला सांगू. राजालाही तोच येत असणार. आणि बाग दक्षिणेकडे अर्ध्यातच संपते, कारण पुढे ती घरं.

त्या कुंपणापाशी मी जरा जास्तच रेंगाळले. पलीकडे एक माणूस परसात काहीतरी खणत होता, बटाटे असतील किंवा गुलाब. त्याच्या फावड्याचा आवाज येत होता, खच्च, खच्च, मध्ये एकदा टण्. तो थांबला, वाकला, काहीतरी उचललं, बघितलं, आणि बाजूच्या बादलीत टाकलं. असेल आपला साधा दगड. नवरा म्हणाला चल, ट्रेन आहे.

ट्रेनमध्ये चिमी झोपली. मी मामीला फोन लावला, रविवार-सोमवार कधीतरी करतेच, तेवढाच तिला विरंगुळा. माळवद पाडून आता तिथे स्लॅबचं घर झालंय हे मला माहीत होतं, मीच वास्तूला जाऊ शकले नव्हते. इकडचं तिकडचं, पाऊस झाला का, सोयाबीनला काय भाव, मग विचारलं, मामी, न्हाणीतला तो कमळाचा दगड कुठे ठेवलाय गं?

“कंचा? धुन्याचा? आगं त्यो गेला की खाली. मिस्त्री म्हनला लई जड हाय, हलवायचं कुठं, तसाच ऱ्हाऊ द्या पायाला. वर टाइल्स बसविल्या. पांढऱ्या बसविल्या, बग, तुज्या मामानं लातूरहून आनल्या, पाय घसरत न्हाई.”

मी म्हटलं, अगं पण किती जुना होता तो, कोरीव होता.

“व्हता की. पर तुला काय धुनं धुवायचंय का तितं?” मग जरा थांबून, माझा आवाज ऐकून तिला दया आली असावी, म्हणाली, “पाह्यजेच आसंल तर ये आन् फोडून ने. फकस्त टाइल्स पयल्यावानी बसवून द्याच्या, आन् त्याच रंगाच्या. आता मिळत न्हाईत त्या, आदीच सांगते.”